ज्यांचं मत इथे नाही, त्यांच्या मुलांची शाळा

जानेवारी २०२६ मध्ये एकदाच्या महापालिका निवडणुका झाल्या. १५ तारखेला मतदान, १६ ला निकाल, गुलाल, डीजे, अभिनंदनाचे बॅनर, मग महापौर कोण होणार याच्या चर्चा, सगळं रीतसर पार पडलं. ठाण्यात १३१ नगरसेवक आले, नवी मुंबईत १११. चांगलं झालं, मी मनापासून म्हणतोय, कारण इतकी वर्षं सभागृहच नव्हतं. पण प्रचाराच्या दिवसांत माझ्या दाराच्या फटीतून जेवढी पत्रकं आत आली ती सगळी मी बसून वाचली, त्यात पाणी होतं, ट्रॅफिक होतं, घोडबंदर रोड, पार्किंग, क्लस्टर, तलावांचं सुशोभीकरण, सगळं होतं, आणि महापालिकेच्या शाळेबद्दल एक तर काहीच नाही नाहीतर 'शाळांचे आधुनिकीकरण' एवढे दोन शब्द. कुठल्या शाळेचं, कसलं, कधीपर्यंत, काही नाही.

हे असं का होतं याचा मी बरेच दिवस विचार करतोय आणि मला जे कारण दिसतं ते साधं आहे. महापालिकेच्या शाळेत ज्यांची मुलं शिकतात त्यातल्या खूप जणांचं मत इथे नाहीच. सकाळी नाक्यावर कामासाठी उभे राहणारे, बिगारी, वॉचमन, घरकामाला जाणाऱ्या बायका, तुर्भ्याच्या एपीएमसीत गोण्या उचलणारे, रबाळे-पावण्याच्या एमआयडीसीत कंत्राटावर असलेले, यातले बरेच जण जालना, बीड, परभणी, कलबुर्गी, यूपी, बिहार कुठून कुठून आलेले असतात आणि त्यांचं नाव गावच्या यादीत असतं. रेशनकार्ड गावाला, शेताचा तुकडा गावाला, ग्रामपंचायतीच्या इलेक्शनला गाडी पाठवून नेतात ती पण गावाला. इथे अकरा महिन्यांचं भाडं, तेही बऱ्याचदा कागदावर नाही, मग पत्त्याचा पुरावा कुठून आणणार. आणि ज्यांचं मत इथे आहे, जे प्रॉपर्टी टॅक्स भरतात, सोसायटीच्या ग्रुपवर नगरसेवकाला टॅग करतात, त्यांची मुलं त्या शाळेत जात नाहीत. म्हणजे ज्याला शाळा हवी त्याच्या हातात मत नाही आणि ज्याच्या हातात मत आहे त्याला शाळा नको. नगरसेवक वाईट असतो असं मला म्हणायचं नाहीये, त्याला शाळेत मत दिसत नाही एवढंच. म्हणून माझं म्हणणं असं की शाळेबद्दल विचारायचं काम मत असलेल्यांनी, म्हणजे आपण करायला पाहिजे, आपलं पोर तिथे असो वा नसो.

मी आमच्या भागातल्या महापालिकेच्या एका शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे, शिक्षणप्रेमी नागरिक म्हणून. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या मॅडम जीव तोडून काम करतात आणि प्रश्न एका शाळेचा नाहीच. ही समिती काय असते ते बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून सांगतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती सक्तीची केली, त्यात तीन चतुर्थांश पालक पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. उरलेल्या जागांत शिक्षक, माझ्यासारखा एखादा, आणि स्थानिक प्राधिकरणाचा निवडून आलेला प्रतिनिधी, म्हणजे नगरसेवक. हे नीट वाचा. प्रत्येक पालिका शाळेच्या समितीत नगरसेवकासाठी कायद्यानंच खुर्ची ठेवली आहे.

आमच्या मिटिंगला आया येतात, दोन घरची भांडी आटपून तिसरीकडे जायच्या आधी मधल्या वेळात, पदर खोचलेला, हातात मोबाईल, बाईंचा फोन येतोय, लक्ष घड्याळाकडे. रजिस्टर फिरतं, कोणी सही करतं, कोणी अंगठा. आणि विषय काय, तर मुलींच्या टॉयलेटची कडी. तीन टॉयलेट, त्यातल्या दोनची कडी तुटलेली, म्हणून मुली जोडीनं जातात, एक आत आणि एक बाहेर दार धरून. एका आईनं सांगितलं की तिची पोरगी सकाळी घरून पाणीच पीत नाही, शाळेत जायला लागू नये म्हणून. सातवीतली मुलगी. मुख्याध्यापिका बाईंनी फाईल उघडून दाखवली, त्यांनी शिक्षण विभागाला पत्र दिलेलं, शिक्षण विभागानं बांधकाम विभागाला, तिथून वॉर्ड ऑफिसला, तिथून उत्तर आलं की सगळ्या शाळांच्या दुरुस्तीचं एकत्र एस्टिमेट होणार आहे त्यात धरू. प्रत्येक पत्राला जावक क्रमांक आहे, तारीख आहे, सही-शिक्का आहे. कडी नाही. शेवटी एका पालकानं, स्वतः फॅब्रिकेशनच्या दुकानात काम करतो, रविवारी येऊन बसवून दिली. त्याचे आभार मानले, ते प्रोसिडिंगमध्ये पण लिहिलं, पण हे बरोबर नाही, शाळेची कडी बसवायला बापाची सुट्टी जावी हे बरोबर नाही.

आता तिथे त्या खुर्चीवर नगरसेवक असता तर? एक फोन, वॉर्ड ऑफिसचा ज्युनियर इंजिनियर, दोन दिवसात काम. हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे, कारण आपल्या गल्लीतलं चेंबरचं झाकण आपण असंच बसवून घेतो.

पण नगरसेवकच नव्हते. नवी मुंबईची मुदत मे २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. आधी कोविड, मग ओबीसी आरक्षण, मग प्रभागरचना, कोर्टाच्या तारखा, शेवटी मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं निवडणुका घ्या म्हणून सांगितलं तेव्हा गाडी हलली. मधल्या काळात आयुक्त हेच प्रशासक, म्हणजे प्रस्ताव मांडणार तेच, स्थायी समिती म्हणून मंजूर करणार तेच आणि महासभा, म्हणजे सगळ्या नगरसेवकांची सभा, म्हणून ठराव करणार तेच. नवी मुंबईत जून २०२० ला जे पोर पहिलीत गेलं ते सभागृह परत येईपर्यंत सहावीत होतं. त्याची अख्खी प्राथमिक शाळा निवडून आलेल्या एकाही माणसाच्या देखरेखीशिवाय झाली. पाच वर्षांची मुदत संपायच्या आधी निवडणूक झाली पाहिजे असं ७४ व्या घटनादुरुस्तीत स्पष्ट लिहिलंय, तरी हे झालं. तसं दोन्ही शहरांना हे नवीन नाही म्हणा, ठाणे महापालिका १ ऑक्टोबर १९८२ ला झाली आणि पहिली निवडणूक १९८६ ला, नवी मुंबई १ जानेवारी १९९२ ला झाली आणि निवडणूक १९९५ ला. सुरुवातच प्रशासकानं झालेली.

यावर मला लोक सांगतात की प्रशासक होते तेव्हाच कामं पटापट झाली, नगरसेवक आले की टक्केवारी आली. हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. शिक्षण मंडळांचा इतिहास आठवा. पूर्वी महापालिकेच्या प्राथमिक शाळा शिक्षण मंडळ बघायचं, १९४७ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याखाली, त्यात राजकीय पक्षांचे लोक सदस्य म्हणून जायचे. आणि राज्यभर या मंडळांचं नाव कशासाठी झालं तर गणवेश, बूट, रेनकोट, दप्तर यांच्या खरेदीसाठी. २०१३ मध्ये राज्य सरकारनं मंडळं बंद करायचा कायदा केला, असलेली मंडळं मुदत संपेपर्यंत चालली आणि मग शाळा थेट आयुक्तांच्या हाताखाली आल्या. साहित्याचे पैसे डीबीटीनं पालकांच्या खात्यात द्यायला सुरुवात झाली. खरेदीतला भ्रष्टाचार कमी करायला हे ठीकच होतं. पण मंडळात वाईट खरेदी होत होती तशी चर्चाही होत होती, एखादा सदस्य उठून विचारायचा की अमुक शाळेत गणिताचे सर का नाहीत आणि अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागायचं. खरेदी बंद करताना तो प्रश्न विचारायची जागा पण बंद झाली. आणि डीबीटीत पण एक अडचण आहे जी आमच्या मिटिंगला दर जूनमध्ये येते, आधी स्वतः पैसे घालून गणवेश घ्या, बिल जमा करा, मग पैसे येतील, आणि ज्या घरात जूनमध्ये पावसानं नाक्यावरचं काम थांबलेलं असतं तिथे दोन मुलांचे दोन दोन ड्रेस, बूट, दप्तर आधी घ्यायला पैसे कुठून येणार. मुलं जुन्याच कपड्यात येतात किंवा येतच नाहीत. हे मंत्रालयात बसून दिसत नाही, वॉर्डात दिसतं.

बरं, जबाबदारी नक्की कोणाची यातही गोंधळ आहे आणि तो वरपासून आहे. १९४९ च्या महापालिका अधिनियमात प्राथमिक शिक्षण हे महापालिकेचं बंधनकारक काम आहे, पाणी आणि गटारासारखंच. पण ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती शेजारी ठेवून बघा. ग्रामपंचायती, जिल्हा परिषदांसाठीच्या अकराव्या अनुसूचीत प्राथमिक आणि माध्यमिक शाळांसह शिक्षण हा विषय सरळ लिहिलेला आहे. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत अठरा विषय आहेत, त्यात सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींचं संवर्धन असं काहीतरी आहे, शाळा हा शब्दच नाही. गावाला शाळा दिली आणि शहराला संवर्धन दिलं. मला वाटतं शहरातल्या नगरसेवकाला शाळा आपली वाटत नाही त्याची मुळं इथपर्यंत जातात.

आणि महापौर. आपल्याकडे महापौर म्हणजे शहराचा प्रथम नागरिक, गाडी, बंगला, उद्घाटनं. पण कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे, आयुक्त राज्य सरकारनं पाठवलेले. महापौराची मुदत अडीच वर्षं, त्याला निवडतात नगरसेवक, तो महासभा चालवतो, विषयपत्रिका त्याच्या हातात, आणि महासभेनं केलेला ठराव राज्य सरकार विखंडित, म्हणजे रद्द, करू शकतं. १९९८ मध्ये मुंबईत महापौरांना खरे अधिकार देणारी मेयर-इन-कौन्सिल पद्धत आणून पाहिली, ती फार टिकली नाही. अमेरिकेत शिकागोत १९९५ पासून शाळा महापौराच्या ताब्यात होत्या, लोकांनी वर्षानुवर्षं भांडून ते बदलून घेतलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथे स्कूल बोर्डाच्या जागांसाठी पहिल्यांदा मतदान झालं. महापौर बरा की निवडलेलं बोर्ड बरं या वादात मला जायचं नाही, तिथली परिस्थिती वेगळी. शाळेबद्दल जाब कोणाला विचारायचा यावर तिथे शहरभर भांडण होतं, आपल्याकडे तो प्रश्नच कोणी काढत नाही, ही गोष्ट मला जास्त लागते.

आपल्याकडे हे कधीच नव्हतं असंही नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं ते स्थानिक संस्थांच्या भरवशावरच, १९१२ मध्ये ते नाकारलं गेलं. मग १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नानं मुंबई प्रांतात नगरपालिकांसाठी कायदा झाला, सक्तीच्या शिक्षणाचा ब्रिटिश हिंदुस्थानातला पहिला. म्हणजे या देशात सगळ्या मुलांना शाळा ही कल्पना कायद्यात आली ती नगरपालिकेच्या दारातून. निवडून आलेले नगरपिते शाळा उघडतील, त्यासाठी कर लावतील आणि लोकांना तोंड देतील असा तो विचार होता. आजही प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर शिक्षण कराचा उल्लेख असतो, बघा काढून. त्यातला राज्य शिक्षण कर महापालिका फक्त गोळा करून सरकारला देते. आपण भरतोय, पण कशासाठी भरतोय हे आपण विचारत नाही.

न विचारल्यानं काय होतं ते बघायचं असेल तर ठाणे महापालिकेच्या हद्दीतल्या दिवा भागात जा. दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या तोंडावर ठाणे महापालिका अनधिकृत शाळांची यादी जाहीर करते आणि त्यात दिव्यातल्या शाळा भरमसाट असतात. लोक म्हणतात पालक अशा शाळेत घालतातच कसे. अहो, दिव्याची वस्ती बघा किती वाढली, लोकलला लटकून जाणारी गर्दी सगळ्यांना दिसते, त्या गर्दीची मुलं पण आहेत की, त्यांच्यासाठी त्या प्रमाणात महापालिकेच्या शाळा झाल्या का? चाळीच्या तळमजल्यावर तीन खोल्या, बाहेर इंग्लिश मिडीयमचा बोर्ड, फी महिन्याला परवडेल एवढी, चालत पाच मिनिटं. आई दुसरं काय करणार. यादी लागली की बातमी होते, दंड, नोटिसा, गुन्हे, आणि त्या मुलांना जवळच्या शाळेत सामावून घेऊ असं सांगतात. जवळची शाळा असती तर ही शाळा निघालीच नसती. शिक्षण हक्क कायदा आणि त्याच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंत एक किलोमीटरच्या आत शाळा द्यायची जबाबदारी सरकारबरोबर स्थानिक प्राधिकरणाचीही आहे. अनधिकृत शाळांच्या यादीबरोबर महापालिकेनं न बांधलेल्या शाळांचीही यादी लागली पाहिजे, आणि ती महासभेत वाचली पाहिजे.

नवी मुंबईत चित्र वेगळं आहे, जरा बरं आहे, पण दुखणं तेच. शहर सिडकोनं, म्हणजे राज्य सरकारच्या नियोजन महामंडळानं आखलं, जमीन सिडकोची, शाळांचे भूखंड ट्रस्टना गेले आणि तिथे मोठमोठ्या खासगी शाळा उभ्या राहिल्या, गावठाण आणि झोपडपट्टीतल्या मुलांसाठी महापालिकेच्या शाळा. २०२२ मध्ये महापालिकेनं विकास आराखड्याचा मसुदा काढला, त्यात सार्वजनिक सोयींसाठी आरक्षणं टाकली, तर सिडकोनं हरकत घेतली आणि भूखंड विकणं चालूच ठेवलं. शाळा, मैदान, मार्केट यासाठीची जमीन कोणाची हे दोन सरकारी संस्था आपसात भांडत असताना शहराच्या बाजूनं बोलायला सभागृह नव्हतं. एरवी नवी मुंबईनं चांगल्या गोष्टी पण केल्यात, वाशीचं ईटीसी केंद्र, दिव्यांग मुलांसाठीचं, तसं काम फार कमी महापालिका करतात. आणि सीवूड्स, कोपरखैरण्याला महापालिकेनं सीबीएसईच्या शाळा काढल्या तर प्रवेशासाठी एवढे अर्ज की लॉटरी काढावी लागते. पालिकेच्या शाळेत कोणी येत नाही म्हणणाऱ्यांनी त्या लॉटरीच्या दिवशी बाहेर उभं राहून बघावं. लोकांना पालिकेची शाळा नको नाहीये, चांगली शाळा हवी आहे.

ठाण्याची सिग्नल शाळा पण घ्या. तीन हात नाक्याच्या पुलाखाली कंटेनरमध्ये २०१६ पासून समर्थ भारत व्यासपीठ आणि महापालिका मिळून चालवतात, सिग्नलवर गजरे, खेळणी विकणाऱ्या मुलांसाठी. २०१९ मध्ये तिथली मुलं दहावी पास झाली तेव्हा अख्ख्या ठाण्यानं कौतुक केलं. ज्यांच्या आईबापांचं मत तर सोडाच, पत्ता पण पुलाचा खांब, त्यांच्यासाठी ही महापालिका जागा देऊ शकली, लाईट-पाणी देऊ शकली. करायचं ठरवलं तर होतं. फक्त ते कोणी तरी ठरवावं लागतं, आणि दर वेळी संस्थेनं पुढे येऊन ठरवायचं हे मला पटत नाही, ते महापालिकेच्या सभागृहात ठरलं पाहिजे.

म्हणून नवीन सभागृहाकडून मला काय हवंय ते सांगतो. नवीन बिल्डिंग, टॅब, स्मार्ट बोर्ड यातलं काही मी मागत नाही. पहिलं म्हणजे प्रत्येक नगरसेवकानं आपल्या प्रभागातल्या पालिका शाळेच्या समितीत येऊन बसावं. आता बहुतेक प्रभाग चार चार जणांचे आहेत, चौघांनी शाळा वाटून घ्याव्यात, पक्ष वेगळे असले तरी. कोणती शाळा कोणाकडे हे शाळेच्या गेटवर लिहावं, नाव आणि नंबरासकट, कारण चौघांच्या प्रभागात एकमेकांकडे बोट दाखवणं फार सोपं झालंय. दुसरं महापौरांकडे, विषयपत्रिका तुमच्या हातात आहे, वर्षातून निदान दोन महासभा फक्त शाळांवर लावा, बाकी एकही विषय नको. किती वर्ग शिक्षकाशिवाय आहेत, किती शिक्षक ठोक मानधनावर आणि त्यांचा पगार किती महिने थकला, किती जण बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या, कामाला लावले, हे सगळं टेबलवर येऊ दे. शिक्षक भरती पवित्र पोर्टलवरून राज्य सरकार करतं, संच मान्यतेचे, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक हे ठरवायचे, निकष १५ मार्च २०२४ च्या जीआरनं बदलले तेही सरकारनं, हे मला कळतं, महापौराच्या हातात तो अधिकार नाही. पण शहराच्या प्रथम नागरिकानं भर सभेत सांगितलं की माझ्या शहरात इतके वर्ग बाईंविना आहेत, तर मंत्र्याला उत्तर द्यावं लागेल. दोन्ही महापालिकांचं बजेट पाच हजार कोटींच्या वर आहे, शाळेवर दर मुलामागे किती खर्च झाला हा आकडा बजेटच्या पहिल्या पानावर यायला काय हरकत आहे.

आणि आपण. प्रभाग समितीच्या बैठका होतात, लोकांच्या क्षेत्र सभेची तरतूद कायद्यात २००९ पासून आहे पण ती सभा आपल्याकडे कोणी भरवत नाही. ती मागायची. सोसायटीच्या वार्षिक सभेत नगरसेवकाला बोलावतो ना आपण, पेव्हर ब्लॉक आणि कॅमेऱ्यासाठी, तेव्हा एक प्रश्न शाळेचा विचारायचा. तुमच्या घरी जी ताई पोळ्या करायला येते तिची मुलगी कुठल्या शाळेत आहे हे तुम्हाला माहीत असेल, त्या शाळेचाच विचारायचा. तिला वेळ नाही, तिचं मत गावाला आहे, तिला ऑफिसात कोणी खुर्ची देत नाही. तुम्हाला देतात.

माझ्या डोक्यात सगळ्यात वरचा प्रश्न आठवीनंतरचा आहे. शिक्षण हक्क कायदा चौदा वर्षांपर्यंत, महापालिकेच्या बहुतेक शाळा सातवी-आठवीपर्यंत, माध्यमिक शाळा दोन्ही शहरांत प्राथमिकपेक्षा बऱ्याच कमी. आमच्या शाळेतून दर मे महिन्यात आठवीच्या मुली दाखला घेऊन जातात. त्यांना नववीला कुठे प्रवेश मिळाला, मिळाला का, फी कोणी भरली, का धाकट्या भावाला सांभाळायला घरी बसल्या, का लग्न ठरवलं, हे शाळेच्या रजिस्टरमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं, दाखला दिला की शाळेचं काम संपतं. मी मुख्याध्यापिका बाईंना विचारलं तर त्यांनी एकेका मुलीचं नाव घेऊन जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं, बाकीच्यांबद्दल गप्प बसल्या. येत्या मे महिन्यात आमच्या प्रभागातल्या चारही नगरसेवकांना मी लेखी पत्र देणार आहे, की यंदा आठवी पास झालेल्या प्रत्येक मुलीचं नाव घ्या आणि ऑगस्टपर्यंत ती कुठल्या नववीत बसली ते समितीच्या मिटिंगला येऊन सांगा.